विहिरींच्या पट्ट्याचा रंग

बातमी आली तेव्हा मी अमरावतीच्या ऑफिसात संगणकावर एका रस्त्याची रुंदी दुरुस्त करत होते. आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट परीक्षा संपल्यापासून जवळजवळ गप्पच असायचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, एवढंच कधीतरी यायचं. त्या दुपारी एका मुलाने लिहिलं होतं, अकोल्याची नुसरत गेली, डेंगी झाला होता. खाली जोडलेल्या हातांची रांग. मला आधी वाटलं, ही दुसरी कुणी नुसरत असेल. आमच्या वर्गात नुसरत एकच होती आणि अकोल्याचीही तीच एक. तरीसुद्धा मी नुसरत आपाच्याच नंबरवर फोन लावला, तिलाच विचारायला, की ही कोण नुसरत गेली... फोन तिच्या भावाने उचलला. "हाव वर्षा, खरं हाय," तो म्हणाला. मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले आणि त्या रस्त्याची रुंदी पूर्ण केली. का केली, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. अकोल्याहून पातूरच्या वाटेवर आमचं गाव, घरचा धंदा फुलांचा आणि भाजीचा. नगर व प्रादेशिक नियोजन असा काही विषय असतो, हे मला पदवीच्या शेवटच्या वर्षात एका सरांनी सांगितलं. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, गावात पेढे वाटून झाले आणि टाळेबंदी लागली. मग वर्ग, शिक्षक, वर्गमित्र सगळे मोबाइलच्या पडद्यावर आले. पहिल्या दिवशी सगळे इंग्रजीत ओळख करून देत होते. माझी पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, आवाज येतो ना? मी घाबरून बोलून गेले, "हो सर, मले ऐकू येऊन राहिलं." दोघंतिघं हसले. मी माइक बंद केला आणि आता कधीच उघडायचा नाही असं ठरवलं. तेवढ्यात मला एकटीला एक संदेश आला. "मलेबी येऊन राहिलं. कोन्या गावची व्हय तू?"

ती नुसरत आपा. माझ्याहून बरीच मोठी. सिव्हिलचा डिप्लोमा करून अकोल्यात घरांचे नकाशे काढून द्यायची आणि इतक्या वर्षांनी पुन्हा शिकायला बसली होती. आमच्या गावात नेटवर्क नदीपलीकडे गेल्यावरच यायचं, म्हणून एसटी सुरू झाल्याबरोबर तिने मला घरी बोलावून घेतलं. खाली भावाचं गादीचं दुकान, वर तिची खोली. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की खालून घरघर वर यायची आणि कापसाची पिसं जिन्याने चढून आमच्या वह्यांवर बसायची. एकदा सरांनी मध्येच थांबून विचारलं, हा आवाज कुणाकडून येतोय? आपाने माइक उघडून शांतपणे सांगितलं, "सर, कापूस पिंजून राहिले. थोडा वेळ लागेल." सरांनी बिचाऱ्यांनी खरंच थांबून घेतलं. मी मान खाली घालून हसत होते. इंग्रजी पुस्तकांची मला धास्ती वाटायची. आपा म्हणायची, "वाचू नको अजून. पयले चित्रं पाय, नकाशे पाय. मंग शब्द आपोआप मांगं येतात." तिची अम्मी जिन्यातून डोकावायची, "अरे, इसको पहले कुछ खिलाओ, फिर पढ़ाओ." आज मी जी काही नोकरी करते, ती त्या खोलीची देणगी आहे. हे मी तिला कधी असं सरळ सांगितलं नाही. तिने मला गप्प बसवलं असतं.

दुसऱ्या वर्षी जोडीजोडीने एखाद्या गावाचा जमीनवापराचा नकाशा आणि पुढच्या वाढीचा आराखडा करायचा होता. आम्ही आमचंच गाव घेतलं. आपाच्या स्कूटीवर आम्ही गावाभोवती फिरलो. तिने डोक्याला ओढणी गच्च बांधलेली, मी मागे बसून मोबाइलवर जागा टिपत होते. शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या एका आजोबांनी हटकलं.

"कोनाच्या पोरी व्हय? मोजनी करून राहिल्या का?"

"नाई आबा, अभ्यास करून राहिलो," आपा म्हणाली.

"अभ्यास वावरात कायले? शाळेत करा ना."

"शाळा बंद हाय आबा."

"मंग आमचं वावर काय उघडं दिसलं का?"

नियोजनाच्या नकाशात राहायच्या जागेला पिवळा रंग आणि शेतीला हिरवा. आमच्याकडे शहराजवळ जमीन असलेल्या प्रत्येकाला हे रंग शाळेत न जाता पाठ असतात. पिवळ्यात आलं तर प्लॉट पडतात, हिरव्यात राहिलं तर शेतीच करत बसावी लागते. त्या वर्षांत शेती करत बसायला कुणीच तयार नव्हतं. सोयाबीन, कापूस यांचं जे चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फुलांचं तर त्याहून विचित्र झालं होतं. देवळं बंद, लग्नं बंद. बाबांनी झेंडूच्या भरल्या वावरात रोटाव्हेटर घातला तेव्हा मी घरीच होते. त्यानंतर दादाने एक प्लॉटवाला शोधला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जमीन पुढे पिवळ्यात येणार असेल तर घेतो. बाबा नाही म्हणत नव्हते आणि हो असंही म्हणत नव्हते.

आमची जमीन नदीकाठच्या पट्ट्यात. काळी माती, आणि त्या पट्ट्यातल्या विहिरी उन्हाळ्यातही आटत नाहीत. दुसऱ्या अंगाला मुरमाड माळ. गाव वाढवायचं तर माळावर वाढवावं, हे आम्ही शिकलो होतो ते पाहता उघड होतं. आपाने पट्टा हिरवा रंगवला. मी म्हटलं, "आपा, आमचं तेवढं पिवळं कर ना. नकाशा खोटाच तर आहे."

"खोटाच हाय तर हिरवा राहू दे ना," ती म्हणाली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. भांडणाबद्दल एक शब्दही नाही. तिच्या डोक्यात नवीनच काही होतं. खऱ्या आराखड्यावर लोकांकडून हरकती मागवतात, मग आपणही मागवू. आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर आम्ही नकाशा लावला. कोपऱ्यात 'विद्यार्थ्यांचा अभ्यास' असं लिहिलं होतं आणि बाजूला लिहायला कोरा कागद टांगला होता. गावाने कोपरा वाचला नाही, रंग वाचले. इतकी वर्षं लोक ज्याची वाट पाहत होते तोच हा कागद, असं सगळ्यांनी धरून घेतलं. "प्लॅन आला!" ही हाळी भाजीच्या ओळीतून बैलबाजारापर्यंत गेली. हरकतीही आल्या. स्मशानाकडचा रस्ता दाखवला नाही, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, माझी म्हैस कोणत्या रंगात बांधू ते सांगा. आम्ही हसत होतो. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की दादा नकाशापुढे उभा आहे.

प्लॉटवाल्याने त्या संध्याकाळपासून फोन उचलला नाही. आपा आमच्या घरी आली, दादाला म्हणाली की हा कॉलेजचा नकाशा आहे, सरकारी नाही, मी स्वतः त्या माणसाला सांगते. दादा म्हणाला, "तुमी आता गावाले समजावू नका ताई. तुमी नकाशा लावला, तेवढं लय झालं." तिने खरंच त्या माणसाला गाठून सांगितलं. तो हसला म्हणे, "सगळे आधी असंच सांगतात." सौदा मोडला. बाबा मात्र तिला सोडायला रस्त्यापर्यंत गेले. ते दोघं काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "काई नाई. पान्याचं इचारत होती."

शेवटी तोंडी परीक्षा आली, तीही ऑनलाइनच. आपाने पडद्यावर आमचा आराखडा उघडला आणि मी पाहतच राहिले. नदीकाठचा पट्टा पिवळा होता. मला तिने काहीच सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. सगळ्यात चांगली माती आणि पाणी इथं आहे असं तुमचाच अहवाल म्हणतो, मग इथं घरं कशी? आपाने नकाशा त्या पट्ट्यावर मोठा केला. खाली पिंजायचं यंत्र चालू होतं. मग ती म्हणाली, "सर, जमीन चांगली आहे. माणसं थकली आहेत."

"हे कारण होत नाही," परीक्षक म्हणाले.

"हो सर. मलाही तसंच वाटतं," आपा म्हणाली.

गुण कमी मिळाले. त्याचं मला फारसं वाटलं नाही, पण मी गोंधळून गेले होते. फोन करून म्हटलं, "मी म्हटलं तेव्हा नाही केलं. आता सौदा मोडल्यावर काहून केलं?" ती म्हणाली, "मले वाटलं, कागदावर तरी..." आणि थांबली. "नाई, तसं नाई. हिरवा रंग लावला तवा मी तुह्या बाबाले इचारलंच नव्हतं ना. पन इचारून रंग लावला, तर सारं वऱ्हाड पिवळं होईन, वर्षा." मग ती हसली. "मलेच नाई समजलं अजून. तुले समजलं त सांग."

मला समजलं नाही. नोकरी लागली, अमरावतीला आले, आमचे फोन कमी झाले. हा प्रश्न कधीतरी निवांत बसून बोलायचा, असं मनात राहिलं. बातमीनंतर अकोल्याला गेले तेव्हा खाली दुकान बंद होतं. अम्मीने मला वर नेलं, आपाच्या खाटेवर बसवलं आणि स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. मला काही विचारायचं होतं, पण काय, ते आठवेना. अम्मी म्हणाली, "तेरे गाँव की बहुत बात करती थी." मी विचारलं, काय बोलायची? ती म्हणाली, "बस... गाँव की."

घरी मी हे कळवलं नव्हतं. फोनवर सांगवेना. मागच्या आठवड्यात गावी गेले. आता खरा आराखडा आला आहे, हरकतींची मुदत सुरू आहे. त्यात आमचा पट्टा हिरवा आहे. दादाचं म्हणणं, अर्ज कर आणि पिवळा मागून घे. बाबा ओट्यावर झेंडूच्या टोपल्या धूत होते. ते म्हणाले, "अर्ज लिहू. पन पयले तुह्या आपाले इचारून घे. तिनं लय इचार केला होता त्याचा."

मग मला सांगावंच लागलं. बाबांच्या हातातली टोपली तशीच राहिली, तिच्यातून पाणी गळत होतं. "कवा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग बाबा म्हणाले, "मंग आता तूच सांग. तूबी तेच शिकली ना."

मी शिकले होते. माती, पाणी, उतार, रस्ते, सगळं मला सांगता आलं असतं, आणि त्याच्या उलटही सांगता आलं असतं. मी ओट्याच्या कडेला बाबांजवळ बसले. त्यांचे हात झेंडूने पिवळे झाले होते आणि नखांत हिरवं अडकलं होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्ही थकले का?"

आमच्या घरात असं कुणी कुणाला विचारत नाही. दादाने वळून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी टोपली उपडी ठेवली.

"थकलो त हाव," ते म्हणाले, "पन उद्या फुलांचा तोडा हाय."