गिळलेले अंक

आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ चिडले की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. कागलकडच्या एका पुलाच्या कंपनांचा आलेख संगणकावर पायऱ्यापायऱ्यांचा आला, तेव्हा साहेब म्हणाले, "सेन्सर बिघडलाय. नोंदी टाकून द्या."

चष्मा टेबलावर आला. "सेन्सरला काय झालेलं न्हाय! वेळेचा आकडा लांबलचक हाय, आन् सॉफ्टवेअर त्याचं शेवटचं अंक गिळतंय."

त्यांनी सेन्सरच्या मूळ नोंदींतल्या प्रत्येक वेळेतून पहिली वेळ वजा करून आकडे छोटे केले आणि शून्यापासून आलेख काढला. रेघ सलग आली. पुलाचे वाढलेले हादरे स्वच्छ दिसले.

"अहवाल छापून झालाय," म्हणत साहेबांनी 'सेन्सर सदोष' लिहिलेला कागद सहीसाठी पुढे केला.

"पूल हालतोय की, साहेब! मी सही करणार न्हाय."

त्या कागदावर माझी सही आधीच होती. माझा मला अजून संताप येतो.