हेदवी युनिट, उत्पादन शून्य

"हो की नाही, एवढंच सांगा," मेहता साहेब म्हणाले. "ट्रंक कॉल आहे, भजन नाही."

मी रिसिव्हर धरून उभी होते. पलीकडे मुंबईच्या हेड ऑफिसमधले राव साहेब होते. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर त्यांच्या अखत्यारीत. कोकणातल्या लोट्याच्या आमच्या केमिकल कारखान्याने जुनी ऑपरेटिंग सिस्टिम सोडून नवी घ्यायची की नाही, हे त्यांना आत्ता, फोनवर हवं होतं. उत्तर मी द्यायचं, कारण कारखान्यात कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटीच. ईडीपी ऑफिसर मिस साळवी, राहणार खेड.

"सर, शिमगा झाल्यावर सांगते," मी म्हणाले.

"हे शिमगा कुठलं सॉफ्टवेअर?" राव साहेबांनी विचारलं.

मेहता साहेबांनी माझ्या हातातून रिसिव्हर घेतला, "शनिवारपर्यंत कळवतो," म्हणाले आणि ठेवून दिला. मेहता साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. मूळ भरूचचे. शिमगा काय प्रकरण आहे ते त्यांना लोट्यात आल्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये कळलं होतं.

सत्त्याऐंशी साल होतं ते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे तेव्हा मला रोज कुणाला तरी समजवावं लागे. मी सांगायची, ती घरातली थोरली सून. कोण कुठे झोपणार, कुणाला आधी वाढायचं, पाहुणा आला तर गादी कुठून काढायची, हे सगळं तिला ठाऊक. ती आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. माहेरी गेली की येतं.

आमच्या जुन्या मशीनवर सीपीएम नावाची सिस्टिम होती. "सीपीएम काढायचा विचार आहे," असं मी मीटिंगमध्ये पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा पर्सोनेल मॅनेजरांनी उठून आधी दार लावलं. विषय पक्षाचा नसून कॉम्प्युटरचा आहे हे कळल्यावर त्यांचं लक्ष परत भज्यांकडे गेलं. नवी होती डॉस. ती घातलेलं मशीन मुंबईहून येऊन खोक्यात पडलं होतं.

खरं सांगायचं तर जुन्या मशीनवर माझा काही जीव नव्हता. फ्लॉप्या ताटाएवढ्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरायची, म्हणून मी त्या कपाटात बल्ब लावून ठेवत असे. बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब लागायची त्यांना. पण त्या मशीनवर माझा ड्युटी लावायचा प्रोग्राम होता, आणि शिमग्यात कारखाना त्याच्या जिवावर चालायचा.

देशावरची होळी एक-दोन दिवसांत उरकते. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर फिरते. कुठल्या वाडीत कधी, हे गावकर, म्हणजे गावातले मानकरी, बसून ठरवतात आणि प्रत्येक गावाचं वेगळं असतं. आपल्या अंगणात पालखी येणार त्या दिवशी माणूस घरी असायलाच हवा. त्यासाठी लोक मुंबईच्या नोकऱ्या सोडून आलेले मी पाहिलेत. लोट्याहून तर काय, लोक चालतसुद्धा जातील.

आणि कारखान्यात रिअ‍ॅक्टर. रिअ‍ॅक्टर म्हणजे मोठं बंद भांडं. त्यात रसायनं ढवळत तापवायची. एकदा बॅच चढवली की मध्येच सोडून उठता येत नाही. आमचे सगळेच ऑपरेटर आसपासच्या गावांतले. मी यायच्या आधी शिमग्यात दरवर्षी सुट्ट्यांवरून हाणामारी व्हायची. सुपरवायझरच्या गाववाल्याला सुट्टी, बाकीच्यांना बॅच.

म्हणून मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यात गावं होती, त्यांच्या पालख्यांच्या तारखा होत्या, कुठला माणूस कुठल्या गावचा ते होतं. सुट्ट्या अशा पसरायच्या की रिअ‍ॅक्टरजवळ माणसं पुरली पाहिजेत. धुळवडीची एक भरपगारी सुट्टी प्रत्येकाला मिळायचीच. ती फक्त ज्याच्या त्याच्या पालखीच्या दिवशी सरकवायची. बॉयलरवरचे इब्राहिम परकार पूर्णगडचे. ते म्हणायचे, "आमचा काय, आमी हाव बॉयलरवर. तुमच्या पालख्या होऊ देत. ईदला तुमी बघा." त्यांची सुट्टी ईदला. मेहता साहेबांनी त्यावर एक नियम बसवला: प्रिंटआउटमध्ये असेल तर सुट्टी, नसेल तर ड्युटी. पेनाने खाडाखोड नाही. नियम कडक होता, पण वशिला बंद झाला म्हणून युनियननेही मानला.

अडचण अशी की मशीन भरलं. त्याची मेमरी चौसष्ट के, म्हणजे चौसष्ट हजार अक्षरांची जागा. त्यातली बरीचशी सिस्टिमच खायची. कारखाना वाढला, नवी माणसं आली, ती नव्या गावांहून आली. आदल्या शिमग्यात मी शेवटचं गाव घालायला गेले तर स्क्रीनवर आलं, 'आउट ऑफ मेमरी'. जागा नाही.

ते शेवटचं गाव विष्णू भुवडचं. हेदवीच्या पलीकडची एक वाडी. पोरगा रिअ‍ॅक्टरवर प्रोबेशनवर होता, म्हणजे अजून नोकरीत कायम झाला नव्हता. लोट्यात खोली घेऊन राहायचा. काम चोख. प्रिंटआउटमध्ये नाव नाही म्हणून त्याला ड्युटी लागली. तो गेला निघून. परत आला तेव्हा वॉर्निंग लेटर तयार होतं. यंदा पुन्हा न सांगता गेला तर कायम करणं सोडाच, नोकरीच गेली असती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला.

"मॅडम, औंदा तरी आमचा गाव बसंल ना?"

"मशीन भरलंय, विष्णू."

"येवढा मोठा मशीन नि येक गाव नाय बसत?"

"दुसरं एखादं काढलं तर बसेल. कुठलं काढू सांग."

त्याने खरोखरच विचार केला. "नको," म्हणाला. "कोनाचा देव कशाला काडायचा?"

"मग तू काय करणार?"

"जानार. बापूस आथरुनावरनं उठत नाय. घरात दुसरा बाप्या नाय. पालखी अंगनात आली नि खांदा द्यायला घरचा मानूस नाय, असा कसा चालंल?"

"नोकरी जाईल."

"ठाव हाय ना."

मला त्याचा संताप आला. म्हातारा अंथरुणात, घरात मिळवता हा एकटा, आणि नोकरी जाईल हे असं सांगतोय जसं काही बस चुकेल. मग लक्षात आलं की संताप त्याचा नाही. माझ्याच घरी पालखी येते. त्याच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

त्याच दिवशी मी खोकं उघडलं. डॉसचं मशीन छान होतं, हे कबूल करायला हवं. मेमरी दहापट. फ्लॉपी तळहाताएवढी. पण हेड ऑफिसची अट होती की त्यावर हजेरी, पगार आणि ड्युटी या तिन्हींसाठी फक्त मुंबईचं पॅकेज, म्हणजे त्यांचा तयार प्रोग्राम, चालवायचं. घरगुती प्रोग्राम बंद. पॅकेज कुलूपबंद, आत काही बदलता येत नव्हतं. मी मार्चची ड्युटी छापून मेहता साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं. "धुळवडीला प्लांट बंद?"

"नाही सर. प्लांट चालू. माणसं बंद. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी."

"आणि बाकी दिवस?"

"कागदावर सगळे हजर."

"आणि खरोखर?"

मी पालख्यांच्या तारखांचा कागद पुढे सरकवला. त्यांनी खिशातून डबी काढून बडीशेप तोंडात टाकली. अवघड प्रसंगी ते तेवढंच करायचे.

थोडक्यात, जुन्या सिस्टिमला पालखी कळत होती, पण तिच्यात जागा नव्हती. नवीत जागा होती, पण तिला पालखी कळत नव्हती. हे मी शनिवारी 'हो की नाही' मध्ये सांगायचं होतं.

पॅकेजबरोबर वापी युनिटचा जानेवारीचा कागद नमुना म्हणून आला होता. शुक्रवारी तो चाळताना दिसलं की वापीला संक्रांतीची सुट्टी आहे. आम्हाला नव्हती, मुंबईलाही नव्हती. मी मुंबईला कॉल बुक केला.

"सर, एकाच पॅकेजमध्ये वापीला वेगळी सुट्टी कशी?"

"वापीचं लोकेशन वेगळं आहे ना," राव साहेब म्हणाले. "प्रत्येक लोकेशनला स्वतःचं हॉलिडे कॅलेंडर."

"अशी किती लोकेशन्स चालतात?"

"नव्याण्णव. आपली तीनच आहेत. का?"

"सहज विचारलं, सर."

दुपारपासून मी कारखाने उघडायला बसले. हेदवी, लोकेशन चार. मग खेड तालुका, मग चिपळूण, मग गुहागर. ज्या गावचा एक तरी माणूस आमच्याकडे होता त्या गावाला मी एक युनिट दिलं, सुट्टी त्याच्या पालखीच्या दिवशी. परकारांसाठी पूर्णगड युनिट, सुट्टी ईदला. माणूस ज्या गावचा, त्याची नेमणूक त्या युनिटला. काम मात्र लोट्यात.

एका ठिकाणी अडलं. प्रत्येक लोकेशनला फॅक्टरी मॅनेजरचं नाव विचारायचं, आणि ती जागा रिकामी सोडली तर पॅकेज पुढेच जायचं नाही. मेहता साहेबांचं नाव टाकलं तर पॅकेज म्हणे, एक मॅनेजर एकाच युनिटला. मी थोडा विचार केला. त्या गावात ज्याचा शब्द चालतो त्याचं नाव लिहायचं, एवढाच प्रश्न होता. हेदवी युनिटपुढे मी तिथल्या ग्रामदेवाचं नाव लिहिलं, भैरी. पुढच्याला वाघजाई. त्याच्या पुढच्याला झोलाई. पॅकेजने मुकाट घेतलं. नावाआधी 'मिस्टर' ते आपलं आपणच लावत होतं, त्याला माझा इलाज नव्हता.

शनिवारी मेहता साहेबांना मी सगळं जसं आहे तसं सांगितलं. बडीशेप निघाली.

"या युनिट्समध्ये प्रॉडक्शन?"

"नाही."

"ब्रेकडाउन?"

"नाही."

"खर्च?"

"काही नाही. सुट्टी प्रत्येकाला तेवढीच, फक्त दिवस ज्याचा त्याचा. रिअ‍ॅक्टरवर माणसं पुरतात. ही ड्युटी बघा."

त्यांनी ड्युटी ओळ न ओळ तपासली. मग म्हणाले, "आणि मुंबईने विचारलं तर?"

"तर खरं सांगायचं."

"विचारेपर्यंत?"

"कुणी विचारलेलं नसेल."

त्यांनी फोन लावून घेतला आणि रिसिव्हर माझ्या हातात दिला. मी राव साहेबांना म्हणाले, "हो."

शिमगा व्यवस्थित पार पडला. विष्णू प्रिंटआउटवर सही करून, रीतसर सुट्टी घेऊन गेला, खांदा देऊन आला आणि बॅचवर हजर झाला. येताना पालखीचा प्रसाद आणला होता. खोबऱ्याचा तुकडा त्याने नव्या मशीनच्या डोक्यावर ठेवला. "ह्याला बी," म्हणाला. मला इतका आनंद झाला की त्या मशीनवर काही खायचं नसतं, हे मी त्याला सांगितलंच नाही.

त्यानंतर टपाल सुरू झालं. आधी 'आग लागल्यास काय करावे' हे पोस्टर आलं, गठ्ठ्यानेच, प्रत्येक युनिटला एक. मग राव साहेबांचा फोन आला. "मिस साळवी, हेदवी युनिटचं मार्चचं उत्पादन शून्य आहे."

"हो सर."

"हजेरी शंभर टक्के आहे."

"हो सर."

मी आता खरं सांगायच्या तयारीत होते. पण ते म्हणाले, "नवीन युनिट आहे. वेळ लागतो," आणि फोन ठेवला.

आणि एप्रिलमध्ये विष्णूला कायम करण्याचा फॉर्म आला. खाली छापलं होतं: शिफारस, फॅक्टरी मॅनेजर, हेदवी, मिस्टर भैरी यांची सही. सहीशिवाय विचार केला जाणार नाही.

ज्याची नोकरी वाचवायला हे सगळं केलं, त्याचीच नोकरी माझ्या एका ओळीत अडकली होती. मी फॉर्म घेऊन मेहता साहेबांकडे गेले. "मी मुंबईला सगळं सांगते," म्हणाले. "माझं व्हायचं ते होईल."

विष्णू दारात उभा होता. "कशाला?" म्हणाला. "भैरीची सही पायजे ना? इचारून येतंव."

तो फॉर्म घेऊन गावी गेला. गुरवाने देवाला फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं, की पोराला कंपनीत कायम करायला देवाची हरकत नाही ना. आमच्याकडे याला कौल लावणं म्हणतात. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार. गावकर समोर बसले होते. त्यांच्यादेखत गुरवाने फॉर्मवर सही केली आणि मॅनेजरच्या नावापुढे बाळबोध अक्षरात लिहिलं, 'करिता'.

मेहता साहेबांनी फॉर्म उजेडात धरला. "कौल कुठला?"

"उजवा, साहेब."

"मग पाठवा."

मुंबईने काही विचारलं नाही. महिन्याभरात पत्र आलं. श्री. विष्णू भुवड यांना सेवेत कायम करण्यात येत आहे. नेमणुकीचं ठिकाण: हेदवी.

विष्णूने ते दोनदा वाचलं. मग गंभीरपणे मला विचारलं, "मॅडम, माजी नोकरी हेदवीत. मग मी रोज हितं कशाला येऊ?"

पुढे मी पुष्कळ कंपन्यांना सिस्टिम बदलून दिल्या. कुठली चांगली, असं लोक अजून विचारतात. मेमरी, वेग, किंमत यांचं मी फारसं सांगत नाही. मी एवढंच विचारते, की नव्या सिस्टिममध्ये कुठली जागा रिकामी सोडता येत नाही, आणि तिथे तुम्ही कुणाचं नाव लिहिणार आहात? ते आधी ठरवा. आणि सही लागलीच तर तो देईल ना, हेही विचारून ठेवा.