विचार आणि विचारम्

दहावीपर्यंत मला कुणी हुशार म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. आता कुणी आपल्या पोरीला पाहुण्यांपुढे उभी करून "आमची लय हुशार हाये" असं म्हणायला लागलं, की माझं डोकं फिरतं. वाटतं, त्या पोरीचा हात धरून तिला तिथून बाहेर न्यावं. करत काही नाही. चहा घेते आणि निघते.

नार्नूरजवळच्या आमच्या गावात बाबा मराठी शाळेचे हेडमास्तर होते. आजोबांचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात गेलं, आणि त्यांचा मुलगा गावाचा मोठा गुरुजी झाला. शाळेनं आम्हाला माणसांत आणलं असं बाबा म्हणायचे, आणि शाळा म्हणजे त्यांच्या मनात मराठी शाळाच. पण राज्य तेव्हा आंध्र प्रदेशाचं. कचेरीत तेलुगू, बसच्या पाटीवर तेलुगू, आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी. दरवर्षी दोन-चार घरं पोरांना मराठी शाळेतून काढून उटनूरला इंग्रजी शाळेत घालायची. मग जून उजाडला की बाबा सकाळीच बाहेर पडायचे आणि घरोघर जाऊन पालकांना समजवायचे.

"गुरुजी, पुढं मराठीले कोन विचारते?" असं कुणी म्हटलं की बाबा मला पुढे करायचे. मी मुद्दाम सोबत नेलेली असायचे.

"हे माही पोरगी पाहा. सारं मराठीत शिकली. गणितात कोनाले हार जात नाही. पोराइले आपल्या बोलीत शिकू द्या, ते कुठंच अडत नाहीत."

मग मला तोंडी हिशेब घातला जायचा, मी तो झटकन सांगायची आणि समोरच्या घरचा मुलगा मराठी शाळेत यायचा. मी बाबांचा पुरावा होते. तेव्हा त्याची मजा वाटायची.

दहावीत मी मंडलात, म्हणजे आमच्या तालुक्यात, पहिली आले. बाबांनी शाळेच्या भिंतीवर रंगानं माझं नाव लिहवून घेतलं आणि मला आदिलाबादच्या कॉलेजात इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला घातलं. सायन्सची सोय मराठीत नव्हती. बाबा म्हणाले, "पाया पक्का हाये तुहा. भाषा काय, महिनाभरात येते."

नावाला ते इंग्रजी मीडियम होतं. पुस्तक इंग्रजीत, सरांचं समजावणं तेलुगूत, आणि मी आपली आतल्या आत मराठीत. शाळेत तेलुगू एक विषय होता, पण तो भाजीबाजारापुरता. पहिल्याच आठवड्यात सर "राइट अँगल, राइट अँगल" म्हणत राहिले आणि मी विचार करत बसले, की हा कोन राइट म्हणजे बरोबर, तर बाकीच्या कोनांनी काय चूक केली? तो आपला काटकोन आहे हे कळेपर्यंत सर फळा पुसून पुढे गेले होते. लघुकोन, गुणोत्तर, गुरुत्वमध्य, अपवर्तन, सगळं मला येत होतं. फक्त त्या वर्गात त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं.

एक दिवस सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. गणित कठीण नव्हतं. वाचलं, मनात मराठीत आणलं आणि पुढची पायरी शोधत खडू धरून उभी राहिले. सरांनी तेलुगूत विचारलं, "काय करते आहेस गं?" मला सांगायचं होतं, विचार करून राह्यली सर. म्हणून मी जमेल तसं तेलुगू जुळवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "विचारम् चेस्तुन्नानु सार."

सगळा वर्ग फुटला. मागच्या बाकावरची पोरं बाकं बडवायला लागली. सरसुद्धा तोंड फिरवून हसले. मला काही कळेना. माझी रूममेट करीमनगरकडची होती. तिनं संध्याकाळी हॉस्टेलवर आल्यावर हिंदीत समजावलं. तेलुगूत विचारम् म्हणजे दुःख. मी फळ्यापुढे उभी राहून भर वर्गात सांगितलं होतं, की सर, मी शोक करते आहे. त्या दिवसापासून माझं नाव विचारम्मा पडलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांचं तेलुगू चांगलं होतं. खात्याच्या बैठकांमध्ये ते तेलुगूतच बोलायचे. "शब्द एकच हाये पोरी," ते म्हणाले, "आपुन तो डोक्यात ठेवला, त्याइनं काळजात ठेवला." मग त्यांनी तो किस्सा शाळेत सांगितला, शेजारी सांगितला. माझी धाकटी बहीण तेव्हा तिसरीत होती. ती घरभर खडू धरल्यासारखा हात वर करून "विचारम् चेस्तुन्नानु" म्हणत नाचायची आणि बाबा दर वेळी तिला समजावायचे, की असं म्हणायचं नसतं, विचार करत असलं तर आलोचिस्तुन्नानु म्हणायचं. मीही हसले. हसता येत होतं तोवर हसून घेतलं.

कारण त्यानंतर मी विचार करणं सोडलं आणि पाठ करायला लागले. समजून घ्यायला वेळ लागत होता आणि वेळ कुणाकडे होता? सिद्धता पाठ, व्याख्या पाठ, सोडवलेली गणितं आकड्यांसकट पाठ. पहाटे उठून हॉस्टेलच्या गच्चीवर फेऱ्या मारत मी इंग्रजी वाक्यं घोकायची. ज्या वाक्यात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, ती मला झोपेत म्हणता यायची. वार्षिक परीक्षेत फिजिक्सच्या पेपरला मी लिहून आले, की वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे. वर कुठलीच आकृती नव्हती. ती पुस्तकात होती. हे मला बाहेर आल्यावर, पाणी पिताना आठवलं.

निकाल तेव्हा पेपरात नंबरांनी छापून यायचा. बाबा नार्नूरच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभे होते. पेपर आला, त्यांनी पाहिला, मग दुकानदाराकडून दुसऱ्या कंपनीचा पेपर मागून घेतला आणि त्यात पाहिला. घरी येऊन म्हणाले, "छपाईत चुकलं असन." आईनं पेपर घडी करून फळीवर ठेवला. गणित, फिजिक्स दोन्ही गेले होते. ती छपाईची चूक नव्हती हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, तरी आठवडाभर घरात तेच बोललं गेलं. सप्लिमेंटरीला पुन्हा बसले. पुन्हा दोन्ही गेले. मग छपाईचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी मागचे विषय आणि पुढचे विषय असं सगळं एकदम डोक्यावर आलं. लोकांना वाटतं, नापास होणारी मुलं अभ्यास करत नाहीत. मी जिवाचं रान करत होते, आणि तेच माझ्या मुळावर आलं. दिवाळीनंतर केव्हातरी माझ्यातलं काहीतरी संपलं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, ओळ वाचून व्हायची आणि ओळ संपली की काहीच उरायचं नाही. तीच ओळ परत. मग परत. आंघोळ करायचा कंटाळा, वेणी घालायचा कंटाळा. कॉलेजला जायचं बंद झालं. दुपारभर झोपूनही उठताना अंग जड. रूममेट मेसमधून भात आणून ठेवायची आणि तो तसाच वाळायचा. ती कधीतरी कपाळाला हात लावून बघायची. ताप नव्हता. ताप असता तर बरं झालं असतं, घरी सांगायला काहीतरी सापडलं असतं.

घरी मात्र माझं नाव अजून चालू होतं. त्या जूनमध्येही बाबा घरोघर गेले होते, आणि कुणी माझा निकाल तोंडावर मारला तेव्हा म्हणाले होते, "एका वर्षानं काय होते? पाहा तुमी, निघते का नाही." हे मला आईकडून कळलं. रागाच्या भरात मी तिला म्हणाले, त्यांना सांग माझं नाव घेऊ नका. तिनं ते कधीच सांगितलं नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या मुली हातावर दही घेऊन, देवाचं नाव घेऊन निघाल्या. मी आंघोळ केली, कपडे केले, पेन घेतलं आणि खाटेवर बसले. उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पण पायांनी ऐकलं नाही. हॉस्टेल रिकामं झालं, झाडणारी बाई खोली झाडून गेली आणि मी तशीच बसून होते. पेपर सुटून मुली परत आल्या तेव्हा वॉर्डनबाईंनी बाबांना निरोप धाडला.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. मी घाबरून होते. वाटलं, आता ओरडतील, एकदाचे ओरडतील आणि सगळं मोकळं होईल. त्यांनी माझी बादली उपडी करून पाणी काढलं, गादी गुंडाळली, ट्रंक उचलली. खोलीच्या दारात म्हणाले, "काही खाल्लं का?" बस्स. बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. उटनूरच्या घाटात मी रडायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त आपला पंचा माझ्या मांडीवर ठेवला.

घरी मी झोपत राहिले. उन्हाळा कधी संपला ते कळलं नाही. मला कुणी काही विचारत नव्हतं आणि त्या न विचारण्याचाच मला राग यायचा. मग जून आला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बाबा घरोघर गेले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसून राहिले.

एका सकाळी पाहते तर धाकटीला नवा गणवेश घातलेला. गळ्यात टाय. ती चौथी पास होऊन पाचवीत गेली होती, आणि बाबा तिला उटनूरच्या इंग्रजी शाळेत न्यायला निघाले होते. आई दारात आडवी उभी होती.

"तुमीच असं केलं तं गावानं काय करावं?"

बाबा चप्पल घालत होते. मी उठून बाहेर आले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला मोठ्यानं बोलावंसं वाटलं. "तिले काऊन नेता? माह्यानं झालं नाही म्हनून? मी गधी निघाली, त्यात शाळेचा काय कसूर?"

"तू गधी नाही," बाबा म्हणाले. "तुले सारं येत होतं. म्या जे शिकोलं ते सारं तुले येत होतं." दुसरी चप्पल पायात सरकवत म्हणाले, "तेच मले झोपू देत नाही."

मी शिव्या ऐकायला तयार होते. याला तयार नव्हते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. हेडमास्तरची मुलगी टाय लावून बसमध्ये चढताना गावानं पाहिली. मग कुणाला काही समजवायची गरज उरली नाही. ज्या घरांना बाबांनी वर्षानुवर्षं थोपवून धरलं होतं, ती त्याच जूनमध्ये निघाली. दोन-तीन वर्षांत शाळेत पोरांपेक्षा बाकं जास्त झाली आणि मग ती बंद पडली. भिंतीवरचं माझं नाव कुणी पुसलं नाही. पावसानंच हळूहळू नेलं. मी पुढे आर्ट्सला बसले, पास झाले, नोकरीलाही लागले. लोक म्हणतात, शेवटी निघालीसच की. मी हो म्हणते.

पण त्या सकाळी मीही त्यांच्यामागे नार्नूरच्या स्टँडपर्यंत गेले. कशाला गेले ते सांगता येत नाही. बहीण टायशी चाळा करत होती, बाबा तिचं दप्तर खांद्याला लावून रस्त्याकडे बघत उभे होते. चहावाला तेलुगू माणूस. निकालाचे पेपर त्याच्याच दुकानात यायचे. बाबांशी तो नेहमी हसून बोलायचा. त्यानं चहा पुढे करत तेलुगूत विचारलं, "काय सार, आज काय करताय इथं सकाळी सकाळी?"

बाबांनी चहा हातात घेतला. म्हणाले, "विचारम् चेस्तुन्नानु."

चहावाला हसला नाही. त्यानं मान खाली घातली आणि दुकानात शिरला. बहीण मात्र खुदकन हसली आणि तिनं बाबांचा सदरा ओढला.

"बाबा, तुमी पन ताईवानी चुकले! आलोचिस्तुन्नानु म्हनतेत. तुमीच तं सांगतलं होतं."

बस वळणावर दिसायला लागली होती. बाबांनी न पिताच चहा बाकावर ठेवला आणि तिचा हात धरला.

"नाही वं माय," ते म्हणाले. "नाही चुकलो."