कूस लावून घातलेला हार

बसवनगुडीतील आमच्या तालमीमागे दोन पुरुष उंचीचा एक काळा धोंडा आहे. त्याच्या माथ्याजवळच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. दसऱ्याला धोंड्यात कोरलेल्या खाचा धरून चढून त्याला हार घालण्याचा मान आमच्या घराकडे होता. वडिलांचे हात लांब. छाती दगडाला लावून ते सहज पोचत. त्यांच्या पश्चात मान राखणे माझ्याकडे आले, आणि माझा हात शेवटच्या खाचेपासून चार बोटे कमी पडला.

त्या पहिल्याच दसऱ्याला, हार गळ्यात अडकवून, मी वरून घसरलो. तेव्हा माझ्या पत्नीचा भाऊ पुढे झाला. हा इसम कापडगिरणीत कामाला. उद्धटपणा अंगात मुरलेला. त्याने उजवा चवडा खाचेत रोवला, गुडघा आत वळवून खाली दाबला आणि उजवी कूस दगडाला चिकटवली. त्यासरशी खांदा वर सरकला व हात वीतभर वाढल्यासारखा शेवटच्या खाचेत गेला. कोनाड्याला शिवून तो खाली उतरला.

म्हैसूर सरकारच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. हरकत कशी घ्यावी हे मला कोणी शिकवू नये. मी म्हणालो, "वस्ताद, देवासमोर छाती हवी. याने कूस दाखवली. सबब हे चढणे रद्द समजावे."

"बरं," वस्ताद म्हणाले. "मग तू छातीनं चढ. पोचलास तर मान तुझा, नाही तर त्याचा."

मी चढलो. तीच चार बोटे. गुडघा आपोआप आत वळू पाहत होता; वळलो असतो तर पोचलो असतो, हे मला तिथेच कळले. खालून तो हलकट ओरडला, "दाजी, स्वल्प वळा की! अर्ज करून दगड जवळ येत नसतो!"

सगळी तालीम हसली. वळणे म्हणजे माझी हरकत मीच मागे घेणे, आणि तेही त्याच्यादेखत. मी वळलो नाही. बोटे सुटली, कोपर सोलून घेऊन खाली आलो.

ज्याचा मान जातो त्याने नव्या मानकऱ्याच्या हाती हार द्यावा, अशी आमची रीत. मी गळ्यातला हार काढून दिला, डाव्या हाताने. त्याने तो उजव्या हाताने घेऊन कपाळाला लावला, "सरी, दाजी," असे कानडीत 'ठीक' म्हणाला, आणि कूस लावून वर गेला.

तेव्हापासून दरसाल हार मीच देतो. दरसाल डाव्याच हाताने.