भाऊबीजेचे ब्रेक

पेठ नाक्यावर सावळीरामचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढं पंक्चर काढायचं पाण्याचं घमेलं आणि आत छताला टांगलेली एक लाल रेसिंग सायकल. खाली वाकलेलं हँडल, बोटाएवढे टायर, तारेचे ब्रेक. तरुणपणी सावळीराम तिच्यावरून त्र्यंबक रस्त्याच्या शर्यती मारायचा. गुडघा गेला तशी ती वर टांगली. पण गिऱ्हाईक आलं की तो तिचा ब्रेक दाबून दाखवायचाच. "बघ, लोण्यात सुरी गेल्यागत थांबती."

त्याची धाकटी बहीण चंद्रभागा हिरावाडीत दिलेली. तिचा नवरा झुंबर खारी-बटरवाला. बेकरीतून पत्र्याची पेटी भरून घ्यायची, सायकलीच्या कॅरेजला आवळायची आणि पेठच्या रस्त्यानं पाड्यापाड्यावर जायचं. हँडलला रबरी भोंगा. तो वाजला की पाड्यावरची पोरं, म्हातारी, शेरडं, सगळी रस्त्यावर. झुंबर प्रत्येकाला नावानं हाक मारायचा आणि कुठल्या घरी बाळंतीण हाय, तिला बटर लागतील, हेसुद्धा त्याच्या ध्यानात असायचं. घरी आला की त्या पाड्यांच्याच गोष्टी. चंद्रभागा चिडवायची, "माझं लगीन माणसाशी लागलंय का भोंग्याशी?"

मधी सावळ घाट होता. भरल्या पेटीनं तो उतरायचा म्हणजे जिवावरचं काम. झुंबरची गाडी जुनी, दणकट, काडीच्या ब्रेकची. काडी ओढली की रबर खालनं चाकाला भिडायचा. रबर झिजले होते. म्हणून घाटमाथ्यावर तो करवंदीची एक मोठी फांदी तोडून मागं बांधायचा. ती धुरळा उडवत फरफटत यायची आणि गाडी आवरती राहायची. खाली पोचला की फांदी सोडून द्यायची.

अठ्ठ्याहत्तर सालच्या भाऊबीजेला चंद्रभागानं ओवाळलं आणि म्हणाली, "दादा, मला लुगडं नको यंदा. यांच्या गाडीचे रबर तेवढे बदलून दे."

"रबर?" सावळीराम हसला. "भाऊबीजेला भाऊ रबर देतो व्हय गं? लोक थुंकतील माझ्या तोंडावर."

आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती लाल सायकल खाली उतरवली. तिचे तारेचे ब्रेक काढले आणि झुंबरच्या गाडीला बसवायला घेतले. बसेनात. बारीक टायरचे ते ब्रेक, झुंबरच्या जाड चाकावरून त्यांचे हात खाली पोचेनात. सावळीरामनं लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, ब्रेक बोटभर खाली आणला. आता रबर रिमला टेकले. पण रेसिंगची रिम बाजूनं सपाट असते, काडीच्या ब्रेकची रिम बाजूनं गोलसर. गोलावर रबर पुरता बसत नव्हता, वर सरकू बघत होता. हे सावळीरामला दिसलं. दिसलं आणि त्यानं स्क्रू आणखी आवळला.

झुंबरनं नाक्यापासून नदीपर्यंत फेरी मारली. पेटी रिकामी होती. भरून न्यावी तर खारीचा भुगा होईल म्हणून. ब्रेक असा लागला की तो हँडलवर आपटता आपटता वाचला.

"आयला मेव्हणं, ही तर आता रेसची गाडी झाली की!"

"मग! आणि ऐका दाजी, ती फांदीबिंदी आता बांधायची नाय. सावळीरामचे ब्रेक लावून मागं काटेरी झाडू ओढत गेलात तर माझी अब्रू जाईल."

"नाय बांधत बाबा."

तेवढा शब्द झुंबरनं पाळला.

भरल्या पेटीनं घाट उतरताना त्यानं ब्रेक धरून ठेवला. रबर तापला, गोल रिमवरनं वर सरकला आणि टायरला घासायला लागला. मधल्या वळणावर टायर फाटला. गाडी, पेटी आणि झुंबर तिघं दरीच्या बाजूच्या दगडांत गेले. खालच्या पाड्यावरच्या माणसांनी त्याला झोळीत घालून वर आणलं, एका ट्रकात चढवलं. सांडलेली खारी, पाव, बटर एका पाटीत गोळा करून तीही ट्रकात ठेवली. पोरांनी एक तुकडा तोंडात घातला नाही. "झुंबरदादाचा माल हाय," म्हणाली.

झुंबर वाचला. मांडीचं हाड आखूड जोडलं गेलं. पुढं बेकरीवाल्यानं त्याला पीठ मळायला ठेवून घेतलं.

सावळीरामनं गाडी आणली. काडीचे जुने ब्रेक परत बसवले, रबर नवे घातले, चाक नवं विणलं आणि झुंबरच्या दारात उभी केली. "दाजी, एकदा बसून तर बघा. नाक्यापर्यंत."

"बघू की. सांधे जरा मोकळे होऊ द्या."

दर दिवाळीला सावळीराम जायचा, गाडीत हवा भरायचा, साखळीला तेल द्यायचा. झुंबर नुसता बघत राहायचा. त्याला राग नव्हता. उलट चेष्टा करायचा, "मेव्हण्याचे ब्रेक लय भारी. मला जे थांबवलं, ते कायमचं." सगळे हसायचे. चंद्रभागा पाणी आणायला आत जायची. पेटीत आता ती बाजरी ठेवायची. पाड्यांवर दुसरा कोणी पाववाला जायला लागला होता. त्याचा भोंगा कसा वाजतो, हे झुंबर पेठकडनं येणाऱ्या माणसाला विचारायचा.

दहा वर्षं अशी गेली. झुंबरचा मुलगा बुधा सातपूरला कंपनीत लागला. त्यानं पहिल्याच दिवाळीला नवीन निघालेली डोंगरी सायकल घेतली, जाड खडबडीत टायरची. वर्षभरात तिचा ब्रेक लागेनासा झाला तसा तो मामाच्या टपरीवर आला. बरोबर झुंबर, काठी टेकत.

बुधानं छताकडं बोट केलं. लाल सायकल परत तिथंच टांगलेली होती आणि झुंबरच्या गाडीवरनं काढलेले तिचे तारेचे ब्रेक खिळ्याला. "मामा, ते बसव ना माझ्या गाडीला. तार त्यांना पण, तार हिला पण."

सावळीरामचा हात घमेल्यातच राहिला. मग म्हणाला, "ते नाय बसत."

"पट्टी लावून?"

"नाय म्हणलं ना!" त्याचा आवाज एवढा चढला, की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मग सावळीराम हळूच बोलला, "तिच्या चाकाचे तिला. हिच्या चाकाचे हिला. दे इकडं."

त्यानं सायकल उलटी केली. झिजलेले रबर काढले, त्याच मापाचे नवे घातले, तार ताणली, चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक जागीच थांबलं. झुंबर बाकड्यावर बसला होता, त्याचा चहासुद्धा अजून अर्धा व्हायचा होता.

"झालं?" झुंबरनं विचारलं.

"झालं."

झुंबरनं काठीनं ते चाक ढकलून बघितलं. या खेपेला तो चेष्टा करत नव्हता.

"एवढंच काम होतं व्हय, सावळीराम?"

सावळीरामनं जुने रबर मुठीत घेतले होते. "एवढंच होतं, दाजी," तो म्हणाला. "चंद्रीनं एवढंच मागितलं होतं."