काशम्माची सीट

चनबसप्पा गाडीत बसताना चपला बाहेर काढायचे. गाड्यांच्या सीटा शिवताना खुणेचा खडू कानामागे खोचून घरभर शोधायचे. बायकोशी भांडायचे कानडीत आणि तिची समजूत काढायचे मराठीत.

काशम्मा बहिणीकडे अक्कलकोटला गेली, तेव्हा त्यांनी जुन्या फियाटची तिची पुढची सीट अंगणात उतरवली. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पकडीने उचकटल्या. काथ्याची जुनी गादी घंटागाडीत टाकली. नवा फोम चिकटवून त्यावर उन्हात मऊ केलेलं लाल रेक्झिन ताणून बसवलं. सीट अगदी सपाट झाली.

"छान झालंय की," काशम्मा आल्यावर म्हणाली. पण नवी पेठ येईपर्यंत तिने दाराची मूठ सोडली नाही. परतताना ती मागे बसली.

"का गं?"

"कंबर दुखते. जुन्या गादीत माझ्यापुरता खड्डा होता."

तिची कंबर लहानपणापासून डावीकडे कललेली. इतक्या वर्षांत गादीही तशीच झाली होती. चनबसप्पांना ती खराबी वाटली होती.

"मला सांगायचं नाही का?"

"शेजारी बसता की. मला वाटलं, ठाऊक असेल."

ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांनी रेक्झिन पुन्हा उसवलं. रोज फोम थोडा कापायचा आणि काशम्माला बसवून पाहायचं. "अजून जरा," ती म्हणायची. परवा सकाळी ती टेकून बसली आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय."

चनबसप्पांनी लगेच रेक्झिन बसवायला घेतलं. चार कड्या आवळल्या आणि छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

बाकीच्या कड्या अजून लावायच्या आहेत.