एकाच घराची पट्टी

दौलतआबा सख्ख्या भावाशी खांबामार्फत बोलत. घराच्या मधोमध एक सागवानी खांब होता. त्याच्याकडे तोंड करून आबा म्हणत, "खांबा, त्याले सांग, पानी तापी गयं." हाताच्या अंतरावर बसलेले धाकटे नामदेवआबा खांबालाच उत्तर देत, "त्याले सांग, माले दखाई ऱ्हायनं." अबोला कशावरून, हे मी दोघांनाही विचारून पाहिलं. दुसऱ्याला माहीत असेल, असं दोघंही म्हणाले. चूल मात्र एकच होती आणि बायका आपापसात मजेत बोलत.

तेव्हा आमचं नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं आणि मी त्यांच्या समोर भाड्याने राहणारा शाळामास्तर होतो. म्युनिसिपालिटीचं घरपट्टीचं बिल आलं की दौलतआबा ते घेऊन माझ्याकडे येत. "वाची दखाडा, गुरुजी." घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, त्यावर पट्टी बसते, हे मी त्यांना दरवर्षी समजावून सांगत असे. ते दरवर्षी तितकेच चकित होत. "भाडं? ह्या घरमा मी मालक शे म्हनीसन ऱ्हास. भाडं दीसन कोन ऱ्हाई?" हे मी शुद्ध मराठीत लिहून देई आणि अपील फेटाळलं जाई.

एका वर्षी पट्टी भलतीच वाढली. मागची बाकीही होती. भरली नाही तर घरातली भांडी जप्त होतील, अशी नोटीस आली. म्युनिसिपालिटीतला कारकून भला माणूस. त्याने मला वाट सुचवली. भाऊ विभक्त झाल्याचं दोघांनी सांगितलं तर एका घराची दोन घरं धरता येतील, आणि तेवढ्या लहान घरांना पट्टी माफ असते. मला हायसं वाटलं. इतके विभक्त भाऊ अख्ख्या तालुक्यात सापडले नसते. मी लगेच तसा अर्ज लिहून दिला.

सुनावणीला दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही विभक्त आहात ना?" मी दौलतआबांना डोळ्यांनी खुणावलं. आबा ताडकन उठले. "कोन म्हने? आम्ही वायला नही!" दुसऱ्या टोकाकडून नामदेवआबा म्हणाले, "एकच घर शे, साहेब." अर्ज तिथल्या तिथे निकालात निघाला. बाहेर पडल्यावर दोघं भाऊ दोन वेगळ्या गल्ल्यांनी घरी गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोठा पितळी हंडा विकून पट्टी भरली. मला त्या दोघांचा भयंकर राग आला होता आणि तो मी बरेच दिवस जपला.

पुढे दौलतआबा तापाने गेले. मला फार चुटपुट लागली. बिल वाचून घ्यायला आता कोणी येणार नाही, याचंही वाईट वाटलं. त्या वर्षीचं बिल एकट्या नामदेवआबांच्या नावाने आलं, आणि कधीही माझी पायरी न चढलेले नामदेवआबा ते हातात धरून दारात उभे राहिले.

"लिखा, गुरुजी."

"पट्टी किती कमी मागायची?"

"कमी नको. भाऊनं नाव जठे व्हतं तठे टाकी द्या म्हना."

मी तसं लिहून दिलं. मयताच्या नावे पट्टी आकारता येत नाही, असं उत्तर आलं. ते मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. नामदेवआबांनी तो कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"मंग अपील लिखा," ते म्हणाले.